खर्जाची सोबत

आमच्या बेस गिटारवर कोणत्याही कंपनीचे नाव नाही. खुंट्यांजवळच्या पाटीवर एके काळी सोनेरी अक्षरे होती. ती आमच्या हाती येण्यापूर्वीच कुणीतरी पात्याने खरवडून काढली होती. तिच्या अंगाचा रंग मूळचा तांबूस, काठांशी काळसर. उजव्या हाताचे कोपर जिथे टेकते तिथला रंग पार उडून लाकूड उघडे पडले आहे, आणि त्या जागेला आता जुन्या जात्याच्या खुंट्यासारखी झिलई आली आहे. १९८४ सालच्या मे महिन्यात ती आम्ही विकत घेतली. त्यानंतर चार दशके उलटली. या काळात आम्ही दोन घरे बदलली, शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झालो, मुले शिकून पुण्याला आणि ठाण्याला गेली. वाद्य मात्र बदलले नाही. बदलावे असे कोणी सुचवले नाही, असे नव्हे. अलीकडे तर ते फारच आग्रहाने सुचवले गेले, आणि म्हणूनच हे चार शब्द लिहावेसे वाटले.

बेस गिटार ही वस्तू अशी की वाचकांपैकी पुष्कळांनी ती पाहिली असेल, परंतु ऐकली आहे असे छातीठोकपणे सांगणारे थोडे निघतील. गायकवृंदाच्या एका कडेला उभा राहून चार जाड तारा ओढणारा एक इसम असतो, तोच आमचा धर्म. सणाच्या मिस्सेनंतर लोक गायिकेचे कौतुक करतात, पेटीवाल्याच्या पाठीवर थाप पडते, तबलजीला आग्रहाने चहा दिला जातो, आणि आम्हांला विचारतात, "सर, तुमचे मशीन चालू होते ना?" सुरुवातीला या प्रश्नाचा राग येई. पुढे ध्यानात आले की आम्ही वाजवायचे थांबलो, तर याच माणसांना काहीतरी उणे झाल्यासारखे वाटते. काय उणे झाले ते मात्र त्यांना सांगता येत नाही. घराचा पाया कुणी बघायला जात नाही, तसेच हे.

आपल्या भाषेत या वाद्याच्या कामाला चपखल शब्द आहे: खर्ज. तंबोऱ्याची चौथी तार खर्जाची. पेटीच्या पोटात नर, मादी आणि खर्ज असे सुरांचे संच असतात. त्यांतला खर्जाचा संच खुला केला की तीच पेटी एकदम भारदस्त बोलू लागते. डग्ग्याशिवाय तबला अपुरा, आणि आमच्या अकोले तालुक्यातल्या डोंगरी गावांतून घुमणाऱ्या संबळाच्या जोडीतही एक भांडे खोल आवाजाचे असतेच. तेव्हा बेस गिटार हे परदेशातून आलेले उपरे वाद्य आहे, असे आम्हांला कधी वाटले नाही. जागा आधीपासून होती. वाद्य नवे आले एवढेच.

तिच्या चार तारा आम्ही इंग्रजी अक्षरांनी शिकलो नाही. ज्या गोव्याच्या गृहस्थांकडून ती घेतली ते मी, ला, रे, सोल असे म्हणत. आम्ही पेटीवर वाढलेले. आम्ही म्हणतो, पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. गंमत पाहा: पेटीवाल्याने काळी एकचा षड्ज धरून शुद्ध स्वरांचे गीत सुरू केले, तर आमच्या चारही मोकळ्या तारा निरुपयोगी ठरतात, एकही त्या सप्तकात बसत नाही. सगळे गीत बोटांनी दाबून काढावे लागते आणि शेवटच्या कडव्यापर्यंत मनगट भरून येते. तोच षड्ज ठेवून भैरवी सुरू झाली की चारांपैकी तीन तारा आपोआप कामी येतात: एक कोमल गंधार, एक कोमल धैवत आणि एक कोमल रिषभ. तेव्हा भैरवी ऐकून मंदिरातल्या इतरांचे डोळे पाणावतात ते भक्तीने. आमचे मनगट सुटलेले असते, हेही एक कारण. शिवाय पेटीचे सूर ठरलेले, ते ऐन वेळी बदलता येत नाहीत. ती किंचित उतरलेली असो वा चढलेली असो, घरातल्या थोरल्या माणसासारखी तिची मर्जी सांभाळून आम्हीच आपल्या खुंट्या पिळून घ्यायच्या.

हे वाद्य मिळाले मुंबईत, धोबी तलावाला. त्या भागाशी आपल्या समाजातील वादकांचे फार जुने नाते आहे. फुर्टाडोंची वाद्यांची पेढी १८६५ पासूनची. तिथल्या जेर महाल इमारतीत गोव्याच्या निरनिराळ्या गावांचे कूड, म्हणजे गावकऱ्यांनी चालवलेली सामायिक बिऱ्हाडे. बोटीवर जाणारे खलाशी, खानसामे आणि वादक तिथे एका पेटाऱ्याएवढ्या जागेत राहून दिवस काढीत, आणि संध्याकाळी माळेची प्रार्थना एकत्र म्हणत. गोव्यातल्या प्रत्येक मोठ्या चर्चला जोडून पोर्तुगीज अमदानीत शाळा असे. तिथे मेस्त मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवीत. ती मुले पुढे मुंबईत आली आणि हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद त्यांनी उभा केला. शंकर-जयकिशन यांच्यासाठी वाद्यवृंदाचे लेखन करणारे सेबास्टियन डिसोजा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ट्रंपेट वाजवणारे चिक चॉकलेट ही नावे आता पुस्तकांतून येऊ लागली आहेत. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात बेस गिटार टोनी वाझ यांच्याकडे असे. १९७१ नंतरच्या ज्या गाण्यांवर आमची पिढी पोसली, त्यांतल्या कित्येकांचा ठेका आपण ज्याला समजतो तो ढोलाचा नसून या चार तारांचा आहे. चित्रपटाच्या पडद्यावर मात्र या लोकांची नावे क्वचितच झळकली.

ज्या वृद्ध वादकाने ती आम्हांला विकली ते गोव्याला कायमचे परतणार होते. त्या काळी परदेशी वाद्ये सरळ मार्गाने मिळणे फार कठीण; आयातीवर निर्बंध, जकात भारी. बोटीवरचा कुणी भाऊ, आखातातला कुणी मेहुणा, यांच्या सामानातून ती येत, आणि मग एका हातातून दुसऱ्या हाती जात. गृहस्थांनी आमची बोटे पाहिली, दोन स्वर वाजवून घेतले आणि सांगितलेल्या किमतीतून शंभर रुपये आपणहून कमी केले. एवढेच म्हणाले, "हिला कोरडी ठेव, आणि उशाशी ठेव." पहिला भाग आम्हांला कळला. अकोल्यात मृगापासून भिंतींना ओल येते, आणि वर भंडारदरा-घाटघरकडे तर पाऊस विचारायलाच नको. हवेतील ओलीने लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते. चारही तारांचा मिळून सत्तर-ऐंशी किलोंचा ताण त्या अरुंद दांडीवर रात्रंदिवस असतो. दांडीच्या पोटात पोलादी सळई असते, ती या ताणाला तोलून धरते. पावसाळा संपला की तिचा स्क्रू पाव फेरा फिरवावा लागतो. जास्त नाही, पावच.

येताना एस.टी.च्या वाहकाने त्या लांबोड्या पिशवीकडे पाहून विचारले होते, "काय आहे? बंदूक?" आम्ही म्हणालो, "तंबोरा." लगेजचे तिकीट माफ झाले. तंबोऱ्याचा मान आपल्याकडे अजून आहे.

या वाद्याचा जन्म तसा परवाचा. त्यापूर्वी हे काम पुरुषभर उंचीच्या उभ्या डबल बेसकडे होते. तो वाहून नेणे म्हणजे घरातले कपाट वाहून नेणे, आणि ढोल-कर्ण्यांच्या गलक्यात त्याचा आवाज बुडून जाई. अमेरिकेत १९३० च्या दशकात पॉल टुटमार्क यांनी विजेवर चालणारा, आडवा धरायचा बेस करून पाहिला होता. पण खरा प्रसार झाला तो १९५१ मध्ये लिओ फेंडर यांनी 'प्रिसिजन बेस' बाजारात आणल्यानंतर. दांडीवर धातूचे पडदे असल्याने स्वर अचूक लागतो, म्हणून ते नाव. फेंडर हे रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर, त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे! तारेखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेची वेटोळी. पोलादी तार थरथरली की त्या वेटोळ्यांत सूक्ष्म वीजप्रवाह उत्पन्न होतो आणि तोच पुढे मोठा करून ऐकवला जातो. युक्ती एवढीच.

या वाद्याशी जडलेल्या दोन माणसांच्या कथा आम्हांला विशेष प्रिय आहेत. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत जेम्स जेमरसन नावाचे वादक होते. १९६२ चा एक प्रिसिजन बेस त्यांनी जन्मभर वाजवला, तोही उजव्या हाताच्या एका तर्जनीने. तार तुटल्याशिवाय ते ती बदलीत नसत. तारांवर साचलेल्या मळातच त्या वाद्याचा गोडवा आहे अशी त्यांची श्रद्धा होती. १९८३ मध्ये त्यांच्या मृत्यूपूर्वी थोडेच दिवस आधी ते वाद्य चोरीला गेले. दुसरी कथा पॉल मकार्टनी यांची. १९६१ मध्ये हँबुर्गला त्यांनी व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर बेस सुमारे तीस पौंडांना घेतला. ते डावखुरे, आणि दोन्ही बाजूंनी सारख्या आकाराचे वाद्य उलटे धरले तरी विचित्र दिसत नाही, हे त्या निवडीमागचे एक कारण. १९७२ मध्ये लंडनला एका गाडीतून तो चोरीस गेला. पुढे अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोटला, आणि एका घराच्या माळ्यावर तो सापडून मूळ मालकाकडे परतल्याचे २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी तो पुन्हा रंगमंचावर वाजवला. जगातले कोणतेही वाद्य विकत घेऊ शकणाऱ्या माणसाला तीस पौंडांच्या वस्तूची ओढ पन्नास वर्षे राहते, हे वाचून आम्हांला आमच्याविषयी जरा धीर आला.

आमची वाद्यसाधना त्या मानाने लहानच. प्रारंभी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवले. पण खरे वाजवणे रविवारच्या मिस्सेतले. अकोल्यात आपली घरे मोजकी, त्यामुळे प्रवरेच्या काठाकाठाने वीस-बावीस किलोमीटर संगमनेरला जायचे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या डिसेंबरात उपासनेविषयीचा जो दस्तऐवज दिला, त्यात मातृभाषेला दार उघडले आणि ऑर्गनचा मान राखून इतर वाद्यांनाही, ती पवित्र कार्याला शोभतील अशा अटीवर, वेदीजवळ जागा दिली. पेटी-तबला त्या दारातून ताठ मानेने आत आले. आमची गिटार थोडी संकोचत आली. एका ज्येष्ठ गृहस्थांनी पहिल्याच रविवारी तक्रार केली होती की हे हॉटेलातले वाद्य आहे. योगायोगाने तो प्रायश्चित्तकाळ होता. त्या चाळीस दिवसांत चौथा रविवार आणि मोठे सण वगळता वाद्ये केवळ गायनाला आधार देण्यापुरती वाजवावीत, असा नियम आहे. पेटीवाल्याला आपल्या हरकती आवराव्या लागल्या, तबलजीला तिहाया. आम्हांला काहीच आवरावे लागले नाही. आमचे वाद्य बारा महिने प्रायश्चित्तकाळातच असते. ते गृहस्थ पुढे आमचे स्नेही झाले.

मग भारनियमनाचे दिवस आले. २००५ च्या पुढेमागे ग्रामीण महाराष्ट्राने ते कसे काढले हे आमच्या वयाच्या वाचकांना सांगायला नको. वीज गेली की पेटी चालू, तबला चालू, आणि आमची गिटार मुकी. घरी सरावाची वेळ नेमकी अंधाराची. एका रात्री थकून आम्ही तिच्या खुंट्यांकडचे टोक सागवानी कपाटाला टेकवून बसलो आणि सहज तार छेडली. सगळे कपाट बोलू लागले! आतली भांडी किणकिणली, फळ्या घुमल्या. डबल बेसचे पोट जे काम करते ते आमच्या सासुरवाडीच्या कपाटाने केले. त्या दिवसापासून सराव कपाटाला टेकूनच. विजेची अडचण कालांतराने कमी झाली, पण सवय राहिली.

या सवयीचे मोल आम्हांला नंतर कळले. आमच्या पत्नीला साठीनंतर ऐकू येईनासे झाले. पूर्ण बहिरेपण नव्हे. आधी पाखरांची किलबिल गेली, मग शिटी झालेला कुकर, मग नातवाचे बारीक बोलणे. डॉक्टरांनी समजावले ते असे: कानाच्या आत शंखासारखी वळलेली एक नळी असते; तिच्या दाराशी उंच स्वर टिपणाऱ्या सूक्ष्म पेशी, आणि अगदी आतल्या टोकाशी खर्ज टिपणाऱ्या. वयाबरोबर दाराजवळच्या आधी झिजतात. आतल्या पुष्कळ काळ तग धरून राहतात. यंत्र कानाला लावले, त्याने बोलणे कळू लागले. पण गाणे मात्र त्यातून पत्र्यावर खडे पडल्यासारखे येते असे ती म्हणे, आणि प्रार्थनेच्या वेळी ते काढून पर्समध्ये ठेवी.

२०२० चा पुनरुत्थानाचा सण आला तो १२ एप्रिलला. चर्च बंद, रस्ते बंद. आम्ही दोघेच घरात. सकाळी आम्ही सवयीप्रमाणे कपाटाला टेकून त्या दिवसाची गीते वाजवू लागलो. गाणारे कुणी नाही, नुसता खर्ज. ती स्वयंपाकघरातून आली, कपाटावर तळहात ठेवून उभी राहिली, आणि थोड्या वेळाने अचूक जागी ध्रुवपद म्हणू लागली. चुकलेला एक शब्द नाही. आम्ही कडवे मुद्दाम एकदा जास्त वाजवले. तिने तेही गायले. मग म्हणाली, "अहो, हे मला इथून येते." आणि हात कपाटावरच ठेवला.

त्यानंतर रविवारी ती बाकाच्या त्याच टोकाला बसू लागली, जिथून आमचा स्पीकर चार हातांवर आहे. बाकाच्या पाठीवर हात असतो. गीत कुठे सुरू होते, कुठे थांबते, कुठे उठायचे, हे तिला तिथून कळते.

हे आम्ही इथे सांगतो त्याचे कारण असे की २०२३ च्या नाताळात, तालमीच्या गर्दीत खुर्ची कलंडून गिटार खाली पडली आणि दांडीला खुंट्यांच्या खाली तडा गेला. गायकवृंदातील तरुणांनी मनापासून हळहळ व्यक्त केली आणि मनापासूनच सल्ला दिला: सर, आता पुरे. नवा कीबोर्ड घेतलाच आहे. त्यात डाव्या हाताला बेस आपोआप येतो, ढोलही येतो. मुले चांगली आहेत. रविवारी पहाटे उठून येणाऱ्या मुलांना नावे ठेवण्याचा आमचा स्वभाव नाही, आणि कीबोर्डचा आम्हांला दुस्वासही नाही. १९९० च्या दशकात मुंबईच्या स्टुडिओंतून साठ-साठ वादकांचे ताफे ज्या यंत्रांनी घरी पाठवले त्यांचीच ही धाकटी भावंडे. पण ज्या गावी एकही वादक नाही तिथे ती मिस्सा सावरून धरतात, हेही खरे. आमचा आक्षेप साधा होता. त्या यंत्राच्या पोटातले स्पीकर बशीएवढे. आमची सर्वांत जाड मोकळी तार सेकंदाला सुमारे एकेचाळीस वेळा थरथरते. एवढी हवा हलवणे बशीच्या आवाक्यातले नाही. आपला कान वरच्या स्वरांवरून खालचा स्वर कल्पून घेतो, म्हणून ऐकणाऱ्याला खर्ज आहे असे वाटते. बाकाला कल्पना करता येत नाही. दोन रविवार कीबोर्डवर निभावले. त्या दोन्ही रविवारी पत्नी शेजारणीकडे बघून उभी राहिली आणि शेजारणीकडे बघून बसली.

मुंबईच्या कारागिराने फोटो पाहून सांगितले की दांडी नवी घालावी लागेल, आणि त्या खर्चात नवे वाद्य येईल. मुलाने ठाण्याहून पाच तारांचे नवे कोरे वाद्य पाठवण्याची तयारी दाखवली. आम्ही अकोल्यातल्या आमच्या परिचयाच्या सुतारकाकांकडे गेलो. त्यांनी आयुष्यात बेस गिटार पाहिली नव्हती, पण नांगर, देव्हारे आणि मृदंगाची खोडे पाहिली होती. त्यांनी तडा डोळ्यांसमोर धरला, नखाने उघडून पाहिला आणि म्हणाले, "रेषेत फुटलंय. रेषेत फुटलेलं सांधतं." तारा उतरवून, सळई सैल करून, सरस भरून त्यांनी ती शिकंज्यात आवळली आणि आठ दिवस कुणालाही हात लावू दिला नाही. आम्ही रोज जाऊन बघून येत असू. पैसे विचारले तर म्हणाले, आधी वाजू द्या.

वाजली. सांध्याची रेघ अंगठ्याला किंचित लागते, आणि पाचव्या पडद्यावरचा एक स्वर पूर्वीपेक्षा जरा लवकर विझतो. तो स्वर आता आम्ही दुसऱ्या तारेवर घेतो. कीबोर्डही चालू आहे. वाजवणाऱ्या मुलाला डाव्या हाताची कळ बंद ठेवायला सांगितली, ते त्याने आनंदाने ऐकले, कारण दोन खर्ज एकमेकांत मिसळून चिखल होतो हे त्याच्याच कानाने आधी ओळखले होते.

सध्या दर शनिवारी गायकवृंदातील बारावीची एक मुलगी शिकायला येते. तिची बोटे आखूड आहेत, पहिल्या पडद्यांवर ती पुरी पोचत नाहीत. म्हणून आम्ही तिला वरच्या पडद्यांपासून सुरुवात करून दिली आहे. मुलाने देऊ केलेले नवे वाद्य आम्ही तिच्यासाठी मागवले, आखूड दांडीचे, चारच तारांचे. तरी ती कपाटाला टेकवून सराव जुन्या गिटारवरच करते. परवा तिने काळी एकमधले एक गीत धरले आणि तिसऱ्या ओळीला थांबून मनगट झटकले. कपाटाशी उभ्या असलेल्या आमच्या पत्नीने तिला विचारले, "का गं, थांबलीस का? अजून एक ओळ राहिली आहे."